डार्विनवाद आणि निर्मितिवाद : संज्ञांचा वाद

सजीवांच्या उत्पत्तीविषयीच्या वादात दोन्ही पक्ष वापरत असलेल्या नावांच्या अर्थांबद्दलचे मतभेद. या वादाचे मुख्य क्षेत्र अमेरिका. तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारला धर्माचा पुरस्कार करता येत नाही. त्यामुळे एखादे मत धर्मात मोडते की विज्ञानात, यावर ते सरकारी शाळेत शिकवता येईल की नाही हे ठरते आणि नावाला कायदेशीर वजन येते.

‘डार्विनवाद’ हा शब्द जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्लीने १८६० मध्ये डार्विनच्या ग्रंथाच्या परीक्षणात वापरला. नैसर्गिक निवडीचा सहशोधक वॉलेस याने तर १८८९ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाला हे नाव दिले. जीवशास्त्रज्ञ हा शब्द सहसा नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतापुरता वापरतात. जनुकीय विचलनासारख्या, योगायोगाने घडणाऱ्या प्रक्रिया त्याबाहेर राहतात. विरोधकांच्या लेखनात मात्र तो उत्क्रांती, जडवाद आणि नास्तिकता या सर्वांना मिळून येतो. एका व्यक्तीच्या अनुयायांचा पंथ असा त्याचा सूर असल्याने अनेक शास्त्रज्ञ तो टाळतात.

‘निर्मितिवाद’ हा शब्द ख्रिस्ती धर्मशास्त्रात आधी वेगळ्याच अर्थाने रूढ होता : प्रत्येक माणसाचा आत्मा ईश्वर नव्याने निर्माण करतो, तो आईवडिलांकडून येत नाही, हे मत. विसाव्या शतकात तो उत्क्रांतीच्या विरोधकांना चिकटला. त्यांच्यातही एकमत नाही. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानणारे आणि अब्जावधी वर्षे मान्य करणारे, दोघेही निर्मितिवादीच म्हणवतात. व्हिटकम व मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ (१९६१) या पुस्तकानंतर पहिला गट प्रबळ झाला आणि ‘निर्मितिविज्ञान’ हे नाव पुढे आले. लुइझियाना राज्याचा ते शिकवण्यासंबंधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केला.

त्यानंतर ‘इंटेलिजेंट डिझाइन’ हे नाव पुढे आले. निर्मात्याचे नाव न घेता सजीवांच्या रचनेमागे बुद्धी असल्याचा हा दावा. पुरस्कर्त्यांच्या मते तो निर्मितिवादाहून वेगळा. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे हा दावा शाळेत मांडण्यावरून झालेल्या खटल्यात (२००५) त्याच्या पुरस्कर्त्यांच्या ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयापुढे आले. १९८७ च्या निकालानंतर त्यांत ‘क्रिएशनिस्ट्स’च्या जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घातले होते. एका ठिकाणी जुना शब्द पुरता न पुसल्याने दोन्ही शब्दांचे जोडलेले विचित्र रूप उरले होते. युक्तिवादांपेक्षा ही मुद्रणचूक अधिक बोलकी ठरली, असे म्हणायला हरकत नाही. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी नवे नाव निर्मितिवादाचेच रूप असल्याचा निर्णय दिला.

‘सूक्ष्म’ (जातीच्या आतली) व ‘स्थूल’ (जातीपलीकडची) उत्क्रांती ही संज्ञांची जोडी रशियन जीवशास्त्रज्ञ फिलिपचेंको याची (१९२७). निर्मितिवादी यांपैकी पहिली मान्य करतात, दुसरी नाही. मात्र सीमा जातीपाशी न आखता बायबलमधील ‘प्रकारां’पाशी आखतात. हे ‘प्रकार’ नेमके कोणते, याची काटेकोर व्याख्या मिळत नाही.

ईश्वर मानून उत्क्रांती स्वीकारणाऱ्यांचे नावही वादग्रस्तच आहे. ‘ईश्वरवादी उत्क्रांती’ या रूढ नावाऐवजी त्यांच्यातील काहींना ‘उत्क्रांतीद्वारे निर्मिती’ हे नाव पसंत आहे. आनुवंशिकीतज्ज्ञ डोबझान्स्की याने १९७३ च्या एका निबंधात स्वतःला एकाच वाक्यात निर्मितिवादी आणि उत्क्रांतिवादी म्हटले होते.