औंधची घरपोच पाठशाळा

दिवेलागणीला ‘रामः रामौ रामाः’ घोकणारी मुले जुन्या पिढीतील अनेक घरांनी पाहिली आहेत. रूपे तोंडपाठ होत, अमरकोश मुखोद्गत होई. पण ‘उद्या मी मामाच्या गावी जाईन’ एवढे संस्कृतात लिही म्हटले, की पाठांतराचा सारा डोलारा कोसळे. शब्द आहेत, नियम आहेत. पण हात चालत नाही! नवी भाषा शिकणाऱ्याचे हे जुनेच दुखणे.

त्यावर औषध शोधणारे आपल्याकडे झाले नाहीत असे नव्हे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६४ साली संस्कृतचे पहिले पुस्तक काढले, आणि त्यात विद्यार्थ्याला भाषांतराच्या निमित्ताने वाक्ये लिहायला लावली. वामन शिवराम आपट्यांनी १८८१ साली संस्कृत लेखनाचा सबंध मार्गदर्शक ग्रंथच रचला. दोन्ही पुस्तके थोर. पण ती इंग्रजीतून. म्हणजे संस्कृतच्या घरात शिरायचे, तर आधी इंग्रजीच्या दारावरून जावे लागे. दुसरे दार पाठशाळेचे. तेथे सर्वांना प्रवेश नव्हता. मुलींना तर नव्हताच म्हटले तरी चालेल.

तिसरे दार उघडले औंधास. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांचे. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी, कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात. राजे भवानराव स्वतः चित्रकार. १९१८ साली त्यांच्या आश्रयाला लाहोरहून आणखी एक चित्रकार आले, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म १८६७ चा, सावंतवाडीकडील कोलगावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले. लाहोरात त्यांचा चित्रांचा व्यवसाय होता. पण मन गुंतले होते वेदांत. औंधास त्यांनी स्वाध्याय मंडळ थाटले. वेदांच्या संहिता छापल्या, मासिके चालविली; आणि ज्याला गुरू नाही त्याच्यासाठी हिंदीत ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ लिहिले.

या पुस्तकाची युक्ती अगदी साधी. आधी व्याकरणाचा डोंगर चढा आणि मग बोला, असे ते म्हणत नाही. थोडे शब्द देते आणि लगेच वाक्ये मांडते. समजा, ‘सः गच्छति, त्वं गच्छसि, अहं गच्छामि’ एवढे आले. त्यांना गृहम्, नगरम्, ग्रामम्, वनम् हे चार शब्द जोडा; बारा वाक्ये झाली. त्यांत एक ‘न’ घाला, चोवीस झाली! अकरा शब्दांचे भांडवल आणि चोवीस वाक्यांची कमाई. एवढा नफा कोणता सावकार देईल? शिवाय शेजारी अर्थ छापलेला. संस्कृत वाक्य हाताने झाकावे, अर्थावरून ते वहीत लिहावे, मग हात उचलून ताडून पाहावे. चूक आपली आपल्यालाच सापडते, आणि चारचौघांत लाज जात नाही.

ही चूक करण्याची मुभा मला फार मोलाची वाटते. गुरूसमोर चुकण्याचे भय, म्हणून शिष्य पाठ केलेलेच म्हणे; आणि पाठ केलेलेच म्हणत राहिल्याने स्वतःचे वाक्य त्याला कधी सुचत नसे. छापील पुस्तक रागावत नाही, आणि जातही विचारत नाही. चुलीपुढे बसलेल्या गृहिणीला ते ‘सोवळ्यात ये’ म्हणत नाही.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या पंडितजींनी आपला संसार हलविला आणि सध्याच्या गुजरातेतील पारडीस नव्याने मांडला. तेथेही काम थांबले नाही. वयाची शंभरी गाठून १९६८ साली त्यांनी देह ठेवला. पुस्तक मात्र आजही मिळते.

वाचकहो, पाडव्याला आपण कोऱ्या वहीची पूजा करतो. यंदा हळदीकुंकू वाहून झाले, की घरातल्या मुलांना त्या वहीत एक ओळ लिहू द्या; संस्कृत, कानडी, बंगाली, हवी ती भाषा. चुकली तर चुकू द्या. आज ‘अहं ग्रामं गच्छामि’ लिहिणारे बोट उद्या लिहील, ‘श्वः अहं मातुलस्य ग्रामं गमिष्यामि.’ मामाच्या गावाची वाट अशी एकेका पावलानेच सरते.