पेल्याच्या तळाचा गाळ : बडोद्याचे विषप्रकरण आणि सोमलाची परीक्षा

मराठी राजघराण्यांच्या इतिहासात बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावरील खटल्याइतकी खळबळ क्वचितच एखाद्या खटल्याने उडविली असेल. त्याची राजकीय बाजू पुष्कळांच्या परिचयाची आहे. वैद्यकीय बाजूही तितकीच बोधप्रद आहे.

दि. 9 नोव्हेंबर 1874 रोजी सकाळी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर फिरून परत आले. नित्याप्रमाणे त्यांच्यासाठी पपनसाचे सरबत ठेवलेले होते. दोन-तीन घोट घेतल्यावर काही वेळाने त्यांस मळमळू लागले. फळच बिघडलेले असावे अशा समजुतीने त्यांनी सरबत फेकून दिले. तोच पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला आणि मनात संशय उभा राहिला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो गाळ तपासला. पुढे तो मुंबईस सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल निघाला. हिऱ्याची पूडही मिसळली होती, असा आरोप पुढे ठेवण्यात आला.

ही परीक्षा झाली नसती तर केवळ लक्षणांवरून निश्चित काही सांगणे कठीण होते. सोमल शास्त्रदृष्ट्या पूर्ण धातू नसला तरी वैद्यक त्यास पारा, शिसे अशा जड धातूंच्या विषांत गणते. त्यास वास नाही, चवही जवळजवळ नाही. तो अधिक प्रमाणात पोटात गेल्यास ओकाऱ्या, जुलाब, पोटात आग, पायांत गोळे असा प्रकार होतो, आणि तो हुबेहूब पटकीसारखा भासतो. पटकीच्या साथी वारंवार येणाऱ्या देशात असा मृत्यू संशयावाचून पचून जाई. 1836 साली मार्श या इंग्रज रसायनज्ञाने जस्त व आम्ल यांच्या साह्याने सोमलाचे वायूत रूपांतर करून, तो जाळून थंड चिनी मातीच्या भांड्यावर काळसर डाग पाडण्याची रीत शोधली. तेव्हापासून अत्यल्प विषही पकडता येऊ लागले.

परंतु रसायनशास्त्र विष कोणते ते सांगते. ते कोणी घातले, हे सांगत नाही. 1875 च्या फेब्रुवारीत बसलेल्या सहा जणांच्या चौकशीमंडळापुढे वाद माजला तो मुख्यत्वे नोकरचाकरांच्या साक्षींवरून. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील इंग्लंडहून आले होते. तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांस दोषी ठरविले. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांस आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. अखेर एप्रिल 1875 मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांस पदच्युत करण्यात आले, आणि त्यांच्या जागी सयाजीराव गादीवर आले.

उपचाराच्या बाबतीत तो काळ दुर्बळच होता. वांती करविणे आणि 1834 साली सुचविलेला ताजा लोहक्षार पाजणे, एवढेच वैद्याच्या हाती असे. रक्तात मिसळलेल्या विषापुढे इलाज चालत नसे. दुसऱ्या महायुद्धात सोमलयुक्त युद्धवायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्ड येथील पीटर्स व त्यांचे सहकारी यांनी एक गंधकयुक्त औषध तयार केले. ते 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. सोमल शरीरातील प्रथिनांच्या गंधकास चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतो. हे औषध त्यास त्याहून घट्ट धरून मूत्रावाटे बाहेर काढते. त्याच तत्त्वावरील औषधे आता तोंडावाटेही देता येतात. मात्र ती रुग्णालयातच, तपासणीनंतर द्यावयाची असतात.

खरी फसगत होते ती हळूहळू भिनणाऱ्या विषाने. तळहात-तळपाय जाड व खरखरीत होणे, त्वचेवर ठिपके, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा, हातापायांस मुंग्या, ही सोमलाची चिन्हे. पोटशूळ, मनगट लुळे पडणे, हिरड्यांवर निळसर रेघ, ही शिशाची. तर हातांचा कंप व लाळ गळणे ही पाऱ्याची. शिशासाठी रक्त, सोमलासाठी मूत्र तपासतात. मात्र आधी मासे खाल्ले असतील तर सोमलाचे प्रमाण फसवे वाढलेले दिसते. सर्व उपचारांचा पाया एकच : विष ज्या वाटेने येत आहे ती वाट प्रथम बंद करणे.

कर्नल फेअर यांनी सरबत फेकले, तरी सुदैवाने तळचा गाळ उरला. संशय येताच उरलेले अन्न वा पेय न टाकता झाकून ठेवावे आणि रोग्यासोबत ते डॉक्टरांकडे न्यावे.