नावानिशी फूल

फाल्गुन लागला की आपल्या वसईच्या वाडीत बांधावर बारीक फुलं दिसतात. कंबरमोडी तर सगळ्यांच्या ओळखीची. कोणी तिला एकदांडी म्हणतं, कोणी दगडी पाला. विळा लागला की आजी तिचाच पाला चुरडून बोटावर लावायची. तिच्याबरोबर आजी आणखी एक निळं फूल दाखवायची. तो बांध आता भरणीखाली गेला, आजीही गेली. त्या निळ्या फुलाचं नाव मी कधी विचारलंच नाही. म्हणून आज बोलायचं आहे ते फुलांची चित्रं आणि नावं कशी राहिली, यावर.

वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. त्या काळातला वैद्य गार्सिया द ओर्टा. त्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होतं. 1563 मध्ये त्याने गोव्यात इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. त्यात वसईचाही उल्लेख आहे, पण झाडांची चित्रं नाहीत. नुसत्या वर्णनावरून झाड ओळखायचं म्हणजे पत्ता ऐकून घर शोधण्यासारखं!

चित्रं आली पुढच्या शतकात. केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणारे होते इट्टी अच्युतन वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य. त्या तिघांची कोकणीतली साक्ष पहिल्याच खंडात नागरी लिपीत छापली आहे. त्यांची नावं राहिली, कारण ती लिहिली गेली. पाला खुडणाऱ्या, वाटून लावणाऱ्या बायकांची अशी साक्ष कोणी घेतली नाही.

छायाचित्रांचा पहिला ग्रंथ मात्र एका बाईचा आहे. इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स यांनी 1843 मध्ये समुद्रातलं शेवाळ औषध लावलेल्या कागदावर ठेवलं, वर काच दाबली आणि उन्हात धरलं. पाण्याने धुतल्यावर निळ्या कागदावर पांढरी आकृती उमटली. कॅमेरा नाही, फक्त ऊन आणि पाणी! पुस्तकावर त्यांनी 'ए. ए.' एवढंच लिहिलं. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ लावला, 'अनामिक हौशी'. पुस्तक राहिलं, बाई काही काळ हरवली.

आता आपल्या हातात मोबाईल आहे. कंबरमोडीचा फोटो जवळून काढून बघा. जे एक फूल वाटतं, ती खरं तर बारीक फुलांची गर्दी असते. मध्ये पिवळी फुलं आणि कडेला दात असलेल्या मोजक्या फिक्या पाकळ्या. ती प्रत्येक पाकळीसुद्धा एकेक फूलच. आणि गंमत म्हणजे ही आपली घरची वाटणारी कंबरमोडी मूळची अमेरिकेतली!

फोटो सकाळी, वारा पडलेला असताना काढा. उकिडवं बसून मोबाईल फुलाच्या उंचीला आणा. साधारण वीतभर अंतर ठेवा, पडद्यावर फुलावर बोट टेकवा. ऊन कडक असेल तर पदराची सावली धरा. फूल खुडू नका. एक फोटो पानाचा, एक पूर्ण रोपट्याचा घ्या. आणि वहीत लिहा : गावातलं नाव, जागा, तारीख, उपयोग आणि सांगणारीचं नाव. तिला विचारूनच लिहा.

ही वही कपाटात ठेवायची नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही ठरवून दिली आहे. 2004 च्या नियमांत समितीवर नेमायच्या सहा जणांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असं लिहिलं होतं. तेव्हा पुढच्या बैठकीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा, आमच्या गावची नोंदवही कुठे आहे? त्यात आमच्या बांधावरची फुलं आहेत का?

माझं निळं फूल कदाचित तुमच्या बांधावर अजून असेल. दिसलं तर फोटो काढा, आणि घरातल्या म्हातारीला आजच त्याचं नाव विचारा.