पोथी एकच होती

मंडळी, हार्ड डिस्क उडाली अन् बॅकअप नव्हता, हे दुखणं आपल्या वऱ्हाडात सातशे वर्षं जुनं आहे.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ग्रंथ वाचला तो हिराइसेसारख्या अनुयायांच्या पाठांतरामुळे. पण आठवून लिहिताना पाठ वेगवेगळे झाले. मूळ शब्द कोणता, हा प्रश्न उरलाच.

आज जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार कोणाला तोंडपाठ आहेत? स्कॅन केलं म्हणजे जपलं असं नाही. आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत एवढंच विचारा: दुसरी प्रत कुठं ठेवली आहे?