ऑक्सफर्ड

चामड्याचे नवे ऑक्सफर्ड घ्यायला गेलो, तर दुकानात नाडीचा प्रत्येक बूट ‘ऑक्सफर्ड’च. शब्द मुळात गावाचा. जुन्या इंग्रजीत ‘ऑक्सेनाफोर्डा’ म्हणजे बैल जिथून नदी ओलांडत तो उतार. उताराचं गाव झालं, गावात विद्यापीठ आलं. 19व्या शतकात तिथल्या विद्यार्थ्यांत बाजूला चिरा असलेले आखूड ‘ऑक्सोनियन’ बूट रुळले. पुढे ते घोट्याखाली उतरले, नाडी वर आली. खरी खूण नाडीपाशीच. भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या, त्यामुळे नाडी आवळली की त्या एकमेकींना भिडतात. ही मिटलेली शिवण मला फार देखणी वाटते. पट्ट्या वरून शिवल्या, की तो डर्बी. आता मात्र सुटाखाली डर्बी असला तरी लोक त्याला सर्रास ऑक्सफर्ड म्हणतात.