मनी प्लांटचं फूल कुणी पाहिलंय?

आजचा भाग एका साध्या प्रश्नाने सुरू करू. मनी प्लांटचं फूल तुम्ही कधी पाहिलंय? ही वेल घरोघरी आहे. खिडकीतल्या बाटलीत, फ्रिजवर, जिन्यात, सोसायटीच्या आंब्यावर चढलेली. पण फूल? मीही पाहिलेलं नाही. या न येणाऱ्या फुलामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांची ऐंशीएक वर्षं पंचाईत झाली होती. आज तीच गोष्ट.

ही वेल मूळची आपल्याकडची नाही. तिचं घर दक्षिण पॅसिफिकमधलं, ताहितीशेजारचं मोऑरेआ बेट. बराच काळ मात्र ती सॉलोमन बेटांची समजली जायची. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना काचघरांचं वेड होतं आणि उष्ण प्रदेशातली झाडं जहाजांनी तिकडे जात होती. बेल्जियमचे जाँ लिंडेन हे या झाडांचे नावाजलेले व्यापारी. १८८० साली लिंडेन आणि एदुआर आंद्रे यांच्या नावावर या वेलीचं शास्त्रीय नाव नोंदलं गेलं : पोथॉस ऑरियस. ऑरियस म्हणजे सोनेरी. पानांवरच्या पिवळ्या छटांवरून.

आता गोची अशी की ही वेल अळूच्या कुळातली. या कुळात कोण कुठल्या प्रजातीत जाणार हे प्रामुख्याने फुलावरून ठरतं. आणि फूल तर येतच नाही! मग काय, पानं बघून अंदाज. १९०८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एंगलर यांनी तिला सिंडॅप्सस प्रजातीत हलवलं. शेवटी १९६२ साली एकदाचं फूल मिळालं आणि फाइल पुन्हा हलली. आधी राफिडोफोरा, मग १९६४ मध्ये एपिप्रेम्नम. चुकीच्या फोल्डरमध्ये सेव्ह झालेली फाइल चौथ्या फोल्डरमध्ये सापडावी, तसं. तरी बाहेर नर्सरीत ‘पोथॉस’ हे नाव अजून चालतंच.

१९६४ नंतर या वेलीला आपणहून फूल आल्याची नोंद नाही. २०१६ मध्ये संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक या वेलीत नीट चालत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं, तेव्हा फुलं आली.

म्हणजे बघा, फूल नाही, त्यामुळे बी नाही. तरीही ही वेल जगभर पोचली. श्रीलंकेच्या जंगलात तर ती इतकी पसरली की तिथे उपद्रवी ठरली. कुणीतरी एक तुकडा तोडला, दुसऱ्याला दिला, त्याने तो पाण्यात ठेवला. आपल्याकडे ‘मनी प्लांट चोरूनच आणायचा, तरच लाभतो’ असं म्हणतात ना? लाभाचं माहीत नाही, पण वेलीचा वंश अशा हातांनीच चालू आहे.

हे मला उशिरा कळलं. आमच्या जुन्या घरातली एक फांदी मी भाड्याच्या फ्लॅटवर आणली आणि हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दिली. नवी पानं नुसती हिरवी यायला लागली. त्यात मी रोज पाणी घालून मुळं कुजवली. दरम्यान जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, गॅलरीतल्या कुंड्याही गेल्या. आईला फोन केला तर म्हणाली, “अगं, पेर बघून तोड आणि पाण्यात ठेव, मरत नाही ती.” शेंड्याकडची दोन पेरं शाबूत होती. तेवढ्यावर वेल वाचली.

तुमच्याकडे असेल तर एवढं करा. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असतं, त्यामुळे सोनेरी छटा टिकवायची तर भरपूर उजेड हवा, पण दुपारचं थेट ऊन नको. एखादी फांदी पूर्ण हिरवी झाली तर रंगीत पानाच्या पेरापर्यंत छाटा. वरची माती सुकली की मगच पाणी. फांदी लावताना पेर हवंच, मुळं तिथूनच फुटतात, नुसत्या पानाला वेल येत नाही. पानं चावली तर तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलं आणि मांजरांपासून लांब ठेवा.

अजून एक. बाटलीतली छोटी पानं हे या वेलीचं बालपण आहे. झाडावर चढायला मिळालं की पानं हातभर होतात, कडेने फाटतात. तेव्हा कुंडीत एक मॉस स्टिक रोवून बघा.

आणि वेल वाढली की एक फांदी शेजारी द्या. आपली कधी गेलीच, तर मागायला एक घर असावं. भेटू पुढच्या भागात.