अभियांत्रिकी आराखड्यातील धोका-विश्लेषण व त्याच्या निष्कर्षांची नोंद : ‘चॅलेंजर’ दुर्घटनेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

यंत्राचा आराखडा तयार होत असतानाच त्यातील कोणता भाग कोणत्या प्रकारे निकामी होऊ शकेल, त्याचा परिणाम काय होईल आणि तो टाळण्यासाठी काय करावे, याचा पद्धतशीर विचार करण्याच्या तंत्रास ‘बिघाड प्रकार व परिणाम विश्लेषण’ म्हणतात. उद्योगक्षेत्रात ते ‘एफएमईए’ या नावाने परिचित आहे. विश्लेषण कसे करावे याचा विचार अभियंते गांभीर्याने करतात. परंतु निष्कर्षांची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न पुष्कळदा कारकुनी स्वरूपाचा मानला जातो. ही समजूत कितपत योग्य आहे, याचा शोध अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या दुर्घटनेच्या आधारे घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

तंत्राचा उगम व विस्तार :

या तंत्राचा उगम अमेरिकन लष्करात झाला. ९ नोव्हेंबर १९४९ रोजी ‘मिल-पी-१६२९’ ही कार्यपद्धती प्रसिद्ध झाली. १९६० च्या दशकात ‘नासा’ने अपोलो कार्यक्रमासाठी तिचा अवलंब केला आणि १९७० च्या दशकात ती मोटार उद्योगात आली. अंतराळयानाच्या बाबतीत या विश्लेषणातून ‘निर्णायक घटकांची यादी’ तयार होत असे. जो घटक निकामी झाल्यास यान किंवा प्राण गमवावे लागतील, तो वर्ग ‘१’ मध्ये येई. परिणाम तितकाच भयंकर, परंतु पर्यायी घटक उपलब्ध असेल, तर वर्ग ‘१-आर’ दिला जाई.

वर्गवारीतील बदल (१९८० ते १९८३) :

यानाला जोडलेल्या घन इंधनाच्या अग्निबाणांचे भाग एकमेकांना जोडून उभे केले जात. सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून दोन रबरी कडी, म्हणजेच ‘ओ-रिंग’, बसविलेली असत. पहिले निकामी झाल्यास दुसरे उपयोगी पडेल, या गृहीतकावर नोव्हेंबर १९८० च्या यादीत हा सांधा ‘१-आर’ वर्गात होता. मात्र आतील दाब वाढल्यावर सांधा किंचित फाकतो आणि दुसऱ्या कड्याची पकड सुटू शकते, हेही त्याच नोंदीत नमूद होते. अखेर १७ डिसेंबर १९८२ रोजी सांध्याचा वर्ग ‘१’ करण्यात आला. दुसऱ्या कड्यावर विसंबता येत नाही, याची ती लेखी कबुलीच होती.

येथवर विश्लेषणाने आपले काम चोख बजावले होते. परंतु वर्ग ‘१’ मधील असा घटक वापरावयाचा तर नियमातून सूट घ्यावी लागे. ती सूट २८ मार्च १९८३ रोजी मंजूर झाली आणि उड्डाणे चालू राहिली. धोक्याची जाणीव देणारी नोंद अशा रीतीने धोका पत्करण्याचा परवाना ठरली.

एकाच सांध्याच्या दोन नोंदी :

याहून गंभीर गोष्ट अशी की, बदललेला वर्ग सर्व कागदपत्रांत उतरलाच नाही. मार्शल अंतराळ उड्डाण केंद्राच्या समस्या-नोंद व्यवस्थेत हा सांधा ‘१-आर’ म्हणूनच राहिला. दुर्घटनेनंतर पाच आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर, ७ मार्च १९८६ रोजीही, तेथे तीच जुनी नोंद होती. एक कागद पर्याय नाही असे सांगत होता, तर दुसरा पर्याय आहे असे.

दरम्यान कड्यांची झीज उड्डाणांगणिक दिसत होती. ३१ जुलै १९८५ रोजी निर्मात्या ‘मॉर्टन थायोकॉल’ कंपनीतील अभियंता रॉजर बोईजोली यांनी प्राणहानीचा स्पष्ट इशारा देणारे टिपण वरिष्ठांना दिले. त्याच महिन्यात प्रक्षेपणावर घातलेले बंधन सलग सहा उड्डाणांसाठी शिथिल करण्यात आले. २३ जानेवारी १९८६ रोजी समस्या-नोंद व्यवस्थेत ही समस्या ‘मिटली’ अशी नोंद पडली. ती चुकून पडली, असे पुढे चौकशीत सांगण्यात आले.

दुर्घटना व चौकशी :

त्यानंतर पाचच दिवसांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी, चॅलेंजरचे प्रक्षेपण झाले. तत्पूर्वीचे सर्वांत थंड प्रक्षेपण सुमारे १२ अंश सेल्सिअस तापमानात झाले होते. त्या सकाळी तापमान सुमारे २ अंश होते. आदल्या रात्री कंपनीच्या अभियंत्यांनी प्रक्षेपणास विरोध केला, पण व्यवस्थापनाने तो बाजूस सारला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. विल्यम रॉजर्स आयोगाने जून १९८६ च्या अहवालात सांध्याच्या आराखड्याबरोबरच निर्णयप्रक्रियेलाही दोष दिला. बंधने व त्यांतील सूट सर्व स्तरांवरील अधिकाऱ्यांपुढे आलीच पाहिजे, अशी व्यवस्थाच नव्हती, असे आयोगास आढळले. पुढे सांध्याचा आराखडा बदलून तिसरे कडे घालण्यात आले आणि निर्णायक घटकांचा फेरआढावा घेण्यात आला. सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

नोंदीचे आजचे स्वरूप :

मोटार उद्योगासाठी अमेरिकन व जर्मन संघटनांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त पुस्तिकेत या विश्लेषणाच्या सात पायऱ्या सांगितल्या असून, ‘निष्कर्षांची नोंद’ ही सातवी व स्वतंत्र पायरी आहे. तीव्रता, संभाव्यता व शोधक्षमता यांच्या गुणाकाराऐवजी कृतीचा अग्रक्रम ठरविण्याची पद्धत तीत आली. तीव्रतेचे ९ किंवा १० गुण असलेले व अग्रक्रमात उच्च वा मध्यम ठरलेले धोके व्यवस्थापनाने तपासावेत, अशी शिफारसही आहे. पुणे-चाकण परिसरातील सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांनाही हे विश्लेषण आता अपरिचित राहिलेले नाही.

निष्कर्ष :

१) चॅलेंजरचा धोका अज्ञात नव्हता, तो दुर्घटनेपूर्वी तीन वर्षे अचूक वर्गासह नोंदविलेला होता.

२) एकाच धोक्याच्या परस्परविरोधी नोंदी अस्तित्वात असतील, तर सोयीची नोंद ग्राह्य धरली जाण्याचा संभव असतो.

३) सूट कोणत्या आधारावर, किती काळासाठी व कोणाच्या जबाबदारीवर दिली, हे नोंदीत नसेल आणि ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर नोंद असून नसल्यासारखीच ठरते.

सारांश, निष्कर्षांची नोंद हा विश्लेषणानंतरचा उपचार नसून विश्लेषणाचाच अविभाज्य भाग आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून तक्ते भरून घेताना हा इतिहास त्यांच्यासमोर ठेवणे अगत्याचे आहे.